गाडीचीं चाकें बदलल्यावर टायरांत हवा किती भरावी ?

चिंचवड, मोशी, चऱ्होली, चाकण व त्यापलीकडील मावळ या टापूंत गेल्या पाऊणशें वर्षांत कारखानदारी फार वाढली. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली. पुढें मोटारींचे कारखाने आले. १९८२ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली, आणि पुष्कळ शेतजमीन या वाढीखालीं गेली. तथापि पवना व इंद्रायणी यांच्या कांठची शेती अगदींच संपलेली नाहीं. मावळांत भात पिकतो, चाकणच्या बाजारांत कांदा येतो, आणि कासारसाईच्या संत तुकाराम सहकारी साखर कारखान्यास ऊस जातो.

या कारखानदारीचा एक परिणाम शेतकऱ्याच्या वाहनांवर झालेला दिसतो. मालमोटारींचीं व जीपगाड्यांचीं जुनीं चाकें, डिस्का व टायर सहज मिळूं लागल्यामुळें, कोणी बैलगाडीचीं लाकडी चाकें काढून तेथें टायरचीं चाकें बसवितो, कोणी ट्रॅक्टरला मागें रुंद टायर घालतो, तर कोणी ट्रॉलीस मालमोटारीचीं चाकें लावतो. हा बदल करतांना किंमत पाहिली जाते, डिस्कचीं भोकें जुळतात कीं नाहीं हें पाहिलें जातें. परंतु नव्या चाकांत हवा किती भरावयाची, हा प्रश्न मात्र पंक्चरवाल्यावर सोंपविला जातो. तो बिचारा आपल्या नेहमींच्या सवयीनें भरून देतो. वास्तविक हवेचा दाब हा चाकावरील ओझें, टायरचें माप आणि गाडीचा वेग या तिहींवर अवलंबून असतो; आणि तो चुकल्यास टायर फुटणें, बैलांच्या माना सोलणें, शेतांत खोल चाकोऱ्या पडून जमीन दडपणें, हीं नुकसानें अखेर शेतकऱ्यासच सोसावीं लागतात. सबब या विषयाची थोडी पद्धतशीर माहिती येथें देत आहों.

१. ओझें कोण वाहतें ?

हवेच्या टायरची कल्पना जुनी आहे. रॉबर्ट थॉमसन यानें १८४५ सालीं इंग्लंडांत तिचा हक्क नोंदविला, परंतु ती मागें पडली. १८८८ सालीं बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलप यानें ती पुन्हां शोधून काढली व ती रूढ झाली. अमेरिकेंत अॅलिस-चामर्स कंपनीनें १९३२ सालीं कमी दाबाच्या हवेचे टायर बसविलेला ट्रॅक्टर बाजारांत आणला. त्यापूर्वीं ट्रॅक्टरास लोखंडी चाकेंच असत. आपल्याकडेही लाकडी चाकावरील लोखंडी धाव जाऊन तेथें रबरी टायर येण्यास स्वातंत्र्यापूर्वींच आरंभ झाला होता.

टायर बसविलेल्या चाकाचें ओझें मुख्यतः आंतील हवा वाहते. रबर व दोरा हें त्या हवेस कोंडून ठेवणारें भांडें होय. हिशेब सोपा आहे. चाकावरील ओझ्यास हवेच्या दाबानें भागिलें असतां टायरचा जमिनीस टेकणारा भाग साधारणपणें निघतो. समजा, एका चाकावर ७०० किलो ओझें आहे. दाब दर चौरस सेंटिमीटरास ३.५ किलो, म्हणजे पंक्चरवाल्याच्या भाषेंत ५० पौंड असेल, तर टायर सुमारें २०० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो. दाब १०० पौंड केला तर हीच जागा १०० चौरस सेंटिमीटरांवर येते; २५ पौंड केला तर ती ४०० होते. टायरच्या बाजू स्वतः ताठ असल्यामुळें या आंकड्यांत थोडाफार फरक पडतो, परंतु तत्त्व बदलत नाहीं.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतील. पहिली ही कीं, टायर जमिनीवर जो दाब घालतो तो जवळजवळ आंतील हवेच्या दाबाइतकाच असतो. शंभर पौंडांचा टायर ओल्या भातखाचरांत घातला तर माती त्याखालीं कां दडपते, याचें उत्तर येथेंच आहे. दुसरी ही कीं, दाब कमी केला तर टायरला अधिक बसावें लागतें, त्याच्या बाजू प्रत्येक फेऱ्यास वांकतात, आणि वेग जास्त असेल तर त्या वांकण्यानें टायर तापतो. भर रस्त्यावर फुटणारे पुष्कळसे टायर हवा जास्त झाल्यानें नव्हे, तर ती कमी असल्यानें तापून फुटतात.

२. चाक बदललें म्हणजे काय बदलतें ?

टायरच्या अंगावर माप लिहिलेलें असतें. ७.५०-१६ याचा अर्थ टायरची रुंदी सुमारें साडेसात इंच व डिस्कचा व्यास सोळा इंच. ट्रॅक्टरच्या १३.६-२८ या मापाचा अर्थही असाच लावावा. रुंद व फुगीर टायरांत हवा अधिक मावते. म्हणून तेंच ओझें तो कमी दाबानें वाहतो. अरुंद किंवा बुटक्या टायरांत हवा थोडी. त्यास तेंच ओझें वाहण्यास दाब अधिक लागतो. अर्थात् जुन्या टायरांत जितके पौंड होते तितकेच नव्यांत भरणें हा नियम होऊं शकत नाहीं.

प्लाय या शब्दाविषयीं मोठा गैरसमज आहे. दहा प्लायचा टायर काढून त्याच मापाचा सोळा प्लायचा घातला, म्हणजे दाबही वाढविलाच पाहिजे, असें पुष्कळांस वाटतें. तें बरोबर नाहीं. प्लाय जास्त म्हणजे टायर अधिक दाब सहन करूं शकेल व त्यामुळें अधिक ओझें नेऊं शकेल, एवढेंच. ओझें तेंच असेल व माप तेंच असेल, तर दाबही तोच पुरे.

३. प्रथम वजन करा

ज्याला आपल्या चाकावर किती ओझें आहे हें ठाऊक नाहीं, त्यानें दाबाविषयीं बोलणें व्यर्थ होय. सुदैवानें या पट्ट्यांत वजनकांटे जागोजाग आहेत. नेहमींचा भरपूर माल भरलेली गाडी कांट्यावर न्यावी. ट्रॅक्टर असल्यास पुढचा आंस व मागचा आंस निरनिराळे तोलावे, व तोलतांना मागें नांगर किंवा रोटाव्हेटर उचललेल्या स्थितींत ठेवावा. कारण अवजार उचललें कीं पुढच्या आंसावरील बरेंच ओझें मागें जातें. ट्रॉली ट्रॅक्टरास जोडलेलीच ठेवून फक्त तिचीं चाकें कांट्यावर घ्यावीं. बैलगाडीचे बैल सोडून, दांडी जुवाच्या नेहमींच्या उंचीवर कांट्याबाहेर टेकवून, चाकें तोलावीं.

आंसावरील वजनास दोहोंनीं भागिलें म्हणजे एका चाकाचें ओझें निघतें. परंतु माल नेहमीं मधोमध बसतोच असें नाहीं; ऊस किंवा पेंढा एका अंगास झुकतो. म्हणून आलेल्या आंकड्यांत एक दशांश मिळवून तें ओझें हिशेबास धरावें.

४. दाब ठरविण्याची रीत

सर्वांत उत्तम मार्ग म्हणजे टायर करणाऱ्या कंपनीचा ओझें व दाब यांचा तक्ता. भारतांत इंडियन टायर टेक्निकल अॅडव्हायझरी कमिटी ही संस्था असे तक्ते प्रसिद्ध करते, आणि कंपन्यांच्या पुस्तकांतही ते असतात. चांगल्या टायरविक्यापाशीं तक्ता मागितल्यास तो दाखवितो. त्यांत आपलें माप शोधून, आपल्या ओझ्यासमोरचा दाब घ्यावा.

तक्ता न मिळाल्यास टायरच्या अंगावरील अक्षरें पाहावीं. तेथें पुष्कळदां कमाल ओझें व त्या ओझ्यास लागणारा दाब दिलेला असतो. हा दाब म्हणजे सर्वांनीं नेहमीं भरावयाचा दाब नव्हे. तो पूर्ण ओझ्याचा दाब होय. उदाहरणादाखल, टायरवर १४०० किलो व ७० पौंड असें आहे, आणि आपल्या चाकावर १००० किलो येतात असें समजूं. त्रैराशिक मांडल्यास ७० गुणिले १००० भागिले १४००, म्हणजे ५० पौंड येतात. दाब दुप्पट केला तरी टायरची ओझें नेण्याची शक्ति दुप्पट होत नाहीं, ती दीडपट ते पावणेदोनपट होते. उलट पक्षीं, ओझें कमी झालें तर लागणारा दाब त्रैराशिकाहून थोडा अधिकच उतरतो. म्हणून आपण काढलेले ५० पौंड तक्त्यापेक्षां किंचित् जास्तच असतील. म्हणजे चूक झाली तरी ती सुरक्षित बाजूस होईल.

या रीतीस दोन मर्यादा आहेत. कंपनीनें सांगितलेल्या किमान दाबाच्या खालीं कधींही जाऊं नये. तसें केल्यास टायर डिस्कवर सरकतो व ट्यूबचें तोंड तुटतें. आणि चाकावरील ओझें टायरवर लिहिलेल्या कमाल ओझ्याहून अधिक असेल, तर कितीही हवा भरून तें भागणार नाहीं. तेथें माल कमी करावा, नाहीं तर मोठा टायर घ्यावा; तिसरा उपाय नाहीं. डिस्कलाही स्वतःची मर्यादा असते, हें विसरूं नये.

५. बैलगाडी

लाकडी चाकाच्या जागीं टायरचें चाक आलें कीं हवेच्या अगोदर उंचीचा विचार करावा लागतो. साडेचार फूट व्यासाच्या लाकडी चाकाचा आंस जमिनीपासून सुमारें सत्तावीस इंच उंच असतो. ७.५०-१६ टायरचें चाक एकतीस इंचांच्या आसपास. त्याचा आंस साडेपंधरा इंचांवर येतो. म्हणजे गाडी जवळजवळ एक फूट खालीं जाते, दांडी जुवाकडे वर चढते, आणि मालाचा तोल बदलतो. हा फरक आंसावर ठोकळे बसवून भरून काढावा. गाडी भरल्यावर सपाट जागीं जूं हातानें उचलून पाहावें; तें थोडें जड लागावें, परंतु एका माणसास उचलतां यावें. फार जड लागल्यास सर्व ओझें बैलांच्या मानेवर येतें. उलट जूं आपोआप वर जात असेल, तर गळ्याचे पट्टे बैलांस आवळतात.

त्यानंतर हवा. दोन्ही चाकांत दाब अगदीं सारखा पाहिजे. एकांत कमी असल्यास गाडी त्या अंगास ओढते, जूं तिरपें होतें व माना घासतात. बैल रोज एकाच जागीं सोलत असेल, तर जुवाचा दोष काढण्यापूर्वीं एकदां हवा मोजून पाहावी.

बैलगाडीचा वेग ताशीं तीन-चार किलोमीटरच असतो. टायर तापण्याचें भय त्यांत जवळजवळ नाहीं. म्हणून मालमोटारीच्या टायरांत मोटारीप्रमाणें शंभर पौंड हवा गाडीला नको. डांबरी रस्त्यावर दाब जास्त असेल तर गाडी हलकी चालते हें खरें. परंतु मऊ रानांत तेंच चाक रुततें व बैलांस दुप्पट ओढावें लागतें. शेतांतून रस्त्यावर व रस्त्यावरून कांट्यावर जाणाऱ्या ऊसगाडीस त्रैराशिकानें आलेला दाबच मध्यम व योग्य असतो.

येथें एक इशारा द्यावासा वाटतो. टायरचें चाक हलकें चालतें म्हणून गाडीवर माल वाढवीत जाण्याचा मोह होतो. परंतु चढावर ओढणारे व उतारावर रेटा सोसणारे बैल तेच असतात. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखालीं १९६५ सालीं जे नियम झाले, त्यांत बैलाचें वजन व चाकाचा प्रकार पाहून ओझ्याची मर्यादा घातली आहे. टायरच्या गाडीस त्यांत सवलत आहे, परंतु ती अमर्याद नाहीं. गाडीस रोध अवश्य बसवावा.

६. ट्रॅक्टर

ट्रॅक्टरच्या मागील टायरांत शेतकामास दाब पुष्कळच कमी लागतो. बहुतेक लहान ट्रॅक्टरांच्या पुस्तकांत तो बारा ते सोळा पौंडांच्या आसपास दिलेला आढळतो. टायर रुंद घातला तर तेंच वजन आणखी कमी दाबानें वाहिलें जाईल. मात्र किमान मर्यादा सोडूं नये. रस्त्यावर भरलेली ट्रॉली ओढतांना दाब पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें वाढवावा. नांगरटीस निघतांना तो पुन्हां उतरविण्याचा कंटाळा करूं नये. वरच्या थराचें दडपणें मुख्यतः टायरच्या दाबावर, व खोल थराचें आंसाच्या एकंदर वजनावर अवलंबून असतें. हवा कमी केल्यानें पहिलें टळेल, दुसरें टळणार नाहीं. म्हणून ओल असतांना जड ट्रॅक्टर रानांत न घालणें हाच खरा उपाय.

दाब व वजन योग्य आहे कीं नाहीं, हें चाकाच्या घसरण्यावरून समजतें. मागील चाकावर खडूनें खूण करून, अवजार उचलून, चाकाच्या दहा फेऱ्यांत किती अंतर कापलें जातें तें मोजावें. मग नांगर लावून पुन्हां दहा फेऱ्या मोजाव्या. समजा, पहिलें अंतर ४२ मीटर व दुसरें ३७ मीटर आलें. तर ५ मीटर, म्हणजे सुमारें १२ टक्के घसरण झाली. ही आठ ते पंधरा टक्क्यांत असावी. जास्त असेल तर डिझेल व टायर दोन्ही व्यर्थ झिजतात. फारच कमी असेल तर ट्रॅक्टरावर अनावश्यक वजन लादलेलें आहे असें समजावें.

चारही चाकें ओढणाऱ्या ट्रॅक्टरास एकाच आंसाचे टायर बदलूं नयेत. पुढच्या व मागच्या चाकांच्या फेऱ्यांचें प्रमाण कारखान्यांत ठरवून दिलेलें असतें. तें मोडल्यास एक आंस दुसऱ्याशीं झगडतो व दांत्यांचें नुकसान होतें. चिखलणीची लोखंडी जाळीचीं चाकें वापरणाऱ्या मावळांतील शेतकऱ्यांनीं तीं काढून टायर परत चढवितांना हवा नव्यानें मोजावी. महिनाभर पडून राहिलेला टायर पूर्वीचा दाब राखीत नाहीं.

७. ट्रॉली व लहान मालगाडी

ट्रॉलीस मालमोटारीचीं चाकें लाविलीं असतां मोटारीच्या दाराजवळील तक्त्यांतला दाब भरण्याची चाल आहे. तो दाब त्या मोटारीच्या ओझ्यास होता, ट्रॉलीच्या नव्हे. ओझें निम्में असेल तर इतक्या फुगलेल्या टायरावर ट्रॉली उसळते, टोमॅटो व फुलें चुरगळतात, आणि शेतांत चाकोऱ्या पडतात. वजन करून वरील रीतीनें दाब काढावा. परंतु ट्रॉलीचा वेग बैलगाडीहून पुष्कळ अधिक असल्यामुळें आलेल्या आंकड्याच्या खालीं जाऊं नये. मोशी किंवा पिंपरीच्या बाजारास भाजी नेणारी लहान मालगाडी असल्यास तर कंपनीनें मान्य केलेलींच मापें वापरावीं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत टायरांची स्थिति व माप यांविषयीं स्वतंत्र नियम आहेत, आणि अपघात झाल्यास प्रथम त्यांकडेच पाहिलें जातें.

८. दाब बरोबर आहे कीं नाहीं, याच्या कसोट्या

कागदावर काढलेला दाब प्रत्यक्ष तपासून घ्यावा. त्यास फारसें साहित्य लागत नाहीं.

खडूची रेघ : टायरच्या पाठीवर आडवी जाड रेघ ओढून, भरलेली गाडी सपाट कठीण रस्त्यावर थोडी चालवावी. रेघ सर्वत्र सारखी पुसली तर दाब योग्य. फक्त मध्यें पुसली तर हवा जास्त. फक्त कडांस पुसली तर हवा कमी. ही परीक्षा रस्त्याच्या टायरास लागू आहे. ट्रॅक्टरच्या उंच नक्षीच्या टायरास नव्हे.

तापण्याची परीक्षा : सकाळीं निघण्यापूर्वीं दाब मोजावा व दहा-पंधरा किलोमीटर माल नेल्यावर पुन्हां मोजावा. थोडा वाढणें स्वाभाविक आहे. फारच वाढला, व टायरच्या बाजूस हात ठेववेना, तर हवा कमी आहे किंवा ओझें जास्त आहे. तापलेल्या टायरांतील वाढलेली हवा मात्र कधींही सोडूं नये. सोडल्यास थंड झाल्यावर ती आणखी कमी पडते.

मोजण्याची वेळ : हवा नेहमीं सकाळीं, गाडी चालविण्यापूर्वीं मोजावी. तीस पौंडांच्या टायरांत दर पांच-साडेपांच अंश उष्णतेस सुमारें एक पौंड फरक पडतो. थंडींत ठरविलेला दाब वैशाखांत व वैशाखांतला पावसाळ्यांत पुन्हां पाहिला पाहिजे. स्वतःचें हवामापक बाळगावें. निरनिराळ्या दुकानांच्या मापकांत फरक असतो. एकच मापक नेहमीं वापरल्यास निदान आपली तुलना तरी खरी राहते.

९. जिवाशीं गांठ

मालमोटारीच्या जुन्या डिस्कांपैकीं कांहींस टायर अडकविणारी कडी वेगळी असते. ती गंजलेली, वांकलेली किंवा दुसऱ्या मापाची असल्यास हवा भरतांना तोफेच्या गोळ्यासारखी उडते, आणि समोरचा माणूस वांचत नाहीं. अशा चाकांत हवा भरतांना तें लोखंडी पिंजऱ्यांत ठेवावें किंवा साखळदंडानें आवळावें, नळी लांब घ्यावी व स्वतः बाजूस उभें राहावें. मुलांस जवळ येऊं देऊं नये. कडी काढण्यापूर्वीं व्हॉल्व्हची पिन काढून सर्व हवा जाऊं द्यावी. बरेंच अंतर हवेवाचून चाललेला टायर उतरवून आंतून पाहिल्यावांचून त्यांत पुन्हां हवा भरूं नये. त्याचे दोरे तुटलेले असण्याचा संभव असतो.

सारांश, चाकें बदलल्यावर प्रथम वजन करावें, टायरचें माप व त्यावरील कमाल ओझें वाचावें, तक्त्यानें किंवा त्रैराशिकानें दाब काढावा, खडूनें तो तपासावा, आणि ठरलेला आंकडा डिस्कवर रंगानें लिहून ठेवावा, म्हणजे गडी बदलला किंवा पंक्चरवाला बदलला तरी घोटाळा होणार नाहीं. दर पंधरवड्यास एकदां सकाळीं हवा मोजण्यास पांच मिनिटें लागतात. तेवढ्यानें टायरचें आयुष्य वाढतें, बैलांच्या माना शाबूत राहतात, आणि ज्या रानांत पुढील पीक घ्यावयाचें तें रान मऊ राहतें.